खंडेनवमीची नवी आवृत्ती

सातवीण फुलली की माझं डोकं उठतं. आमच्या घाटकोपरच्या कॉलनीत फाटकाशी एक झाड आहे, आणि मरोळला ऑफिसकडे वळताना तर रांगच आहे. लोक म्हणतात, काय सुंदर वास. असेल बाई. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात, झाडाचं पान हलत नाही अशा संध्याकाळी तो वास छातीवर बसतो आणि उठत नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात दरवर्षी ती चौकट येते. नवी आवृत्ती तयार आहे. खाली बारीक अक्षरात, अगदी सालस सुनेसारखं खाली मान घालून लिहिलेलं असतं, ‘नवीन सुविधा आणि स्थैर्यविषयक सुधारणा’.

नवीन सुविधा कळतात. एखादं बटण उजवीकडचं डावीकडे जातं, आलेखाला चार रंग जास्त मिळतात, जे काम आपण सुखाने करत होतो ते नव्या पद्धतीने शिकावं लागतं. त्याला सुविधा म्हणायचं. पण हे स्थैर्य म्हणजे काय हे मी कधी विचारलंच नाही. सांधा हलत असेल, घट्ट केला असेल, असं आपलं धरून चालायचं. यंदा मला त्याचा अर्थ कळला, आणि कळला तोही माझ्याच घरी, खिरीची वाटी हातात धरून.

आमचं काम आधी सांगते. मोठ्या इमारतींच्या गच्चीवर कूलिंगची धूड मशीनं बसवतात. ती चालू झाली की थरथरतात. ती थरथर खालच्या स्लॅबमध्ये उतरू नये म्हणून मशीनखाली लोखंडी चौकट आणि चौकटीखाली स्प्रिंगा बसवाव्या लागतात. स्प्रिंग मऊ पडली तर मशीन डोलतं, कडक पडली तर सगळी थरथर खालच्या माणसांच्या डोक्यावर. कुठली स्प्रिंग, किती आणि कुठे, हे गणित करून द्यायचं आमच्या ऑफिसचं काम. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर ऑफिस आहे. खाली लेथ, शेजारी पॅकिंगवाला, मागे सदानकदा चहा उकळणारी टपरी. मालक सावंत सर, मालवणकडचे. मी त्यांच्याकडे तरुणपणी लागले ती लागलेच.

गणित करायला एक सॉफ्टवेअर होतं, अजूनही आहे. चारकोपच्या एका गाळ्यात दहा-बारा माणसं बसून ते बनवायची, आपलीच मराठी माणसं. आम्ही त्याला नुसतं ‘पॅकेज’ म्हणायचो. त्यांच्या मालकांचा एक नेम होता, नवी आवृत्ती काढायची ती दसऱ्यालाच. परदेशी कंपन्या मार्च-सप्टेंबर बघतात, हे मुहूर्त बघायचे. गिऱ्हाइकांकडे आदल्या दिवशी, खंडेनवमीला जाऊन पॅकेज चढवून यायचं, म्हणजे पूजा नव्या आवृत्तीची होते. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू. वाटायचं, ह्या आकडेमोडीलाही आपल्याकडचं पंचांग लागू होतं तर.

आणि पॅकेज चढवायला यायची ती मनीषा. पॉलिटेक्निकपासूनची माझी मैत्रीण. तिचं माहेर सासर दोन्ही कोकणातलं, घर चारकोपच्या सेक्टरमध्ये, तिथून कंपनी चालत दहा मिनिटं. पॉलिटेक्निकात आमच्या वर्गात मुली कितीशा, त्यातल्या आम्ही दोघी एका बाकावर. माझा डबा ती खायची, तिचा मी. तिच्या आईच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं मी जेवढं खाल्लंय तेवढं तिच्या सख्ख्या बहिणीनेही खाल्लं नसेल. माझ्या लग्नात पाठराखीण होऊन ती मिरवली. आमच्या ऑफिसने ते पॅकेज घेतलं तेही माझ्या शब्दावर. सर म्हणाले होते, “तुझी मैतरीण हा ना तिथे? मग बरां असतला.”

वसाहतीतली खंडेनवमी ज्याने बघितली नाही त्याला सांगून पटायचं नाही. एरवी त्या गल्लीत शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं. पण त्या दिवशी सकाळपासून नुसती धुलाई. लेथवरचं वर्षभराचं ग्रीस रॉकेलने पुसायचं, फरशी साबणाने घासायची, दारात कामगारांच्या बायका रांगोळ्या काढतात, पोरांच्या अंगावर नवे शर्ट. मग प्रत्येक मशीनच्या दांड्याला कुंकू आणि झेंडूची माळ. पूजा झाली की कुणीही मशीनला हात लावायचा नाही. दुपारी बाराच्या सुमारास सगळी वसाहत गप्प होते. त्या शांततेत झेंडूचा तो कडवट वास आणि फक्त कुठेतरी लांब गरब्याच्या मांडवात कुणी माईक तपासतोय, हॅलो हॅलो.

आमच्या ऑफिसात हत्यारं म्हणजे कॉम्प्युटर. पडद्याला हळदकुंकवाचं बोट, कीबोर्डवर फुलं, माऊसलाही एक पाकळी. त्याआधी साफसफाई. जुने कागद, मोडके कीबोर्ड, तुटक्या खुर्च्या, सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर. आम्ही घरी बौद्ध, मी हात जोडत नाही, दाराशी उभी राहते. सरांनी कधी “ये गो पुढे” म्हणून ओढलं नाही, आणि पूजा झाल्यावर पहिला पेढा मात्र माझ्या हातावर. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मी पांढरी साडी नेसून आईबाबांबरोबर विहारात. आमचा तो दीक्षेचा दिवस. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, हिंगोलीकडून आलेले. दरवर्षी त्या दिवशी विहारातून परतताना ते मला एकच गोष्ट सांगायचे, मी पाचवीत होते तेव्हापासून ते माझे केस पिकेपर्यंत. कुणी मोठा माणूस म्हणाला म्हणून मानू नकोस, स्वतःच्या डोळ्यांनी पडताळ, आणि एकदा पडताळलंस की मग कुणाच्या बापाला भिऊ नकोस. ह्या एका वाक्यावर मी इंजिनिअर झाले म्हटलं तरी चालेल.

तर तो ऑक्टोबर. सात-आठ वर्षं झाली असतील. मुलुंडला एका नर्सिंग होमच्या गच्चीवर आमच्या गणितावर मशीन बसलं होतं. गणित माझं, ड्रॉइंगवर सही माझी. मशीन लांबडं होतं म्हणून चार कोपऱ्यांत चार आणि मधे दोन अशा सहा स्प्रिंगा दिल्या होत्या. मशीन चालू झालं आणि वरचा मजला गुणगुणायला लागला. घटस्थापनेच्या आसपास तक्रार आली. मी स्वतः गेले बघायला. वॉर्डातल्या स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती आणि थांबत नव्हती. एक म्हातारे गृहस्थ खाटेच्या दांड्यावर तळवा ठेवून बसले होते, जणू तो दाबून धरला तर थांबेल. नर्स म्हणाली, “मॅडम, दातात बसतो हो हा आवाज. आम्ही घरी जाऊन तरी सुटतो, ह्यांनी कुठं जायचं?”

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येऊन फाईल उघडली. पडद्यावर उत्तर तेच, ड्रॉइंगवरही तेच. मशीनचं वजन, फेरे, सगळं कॅटलॉगशी ताडून बघितलं. चूक सापडेना. मग मी कुणाला फोन करणार? मनीषालाच केला.

“मनी, एक लफडं झालंय गं,” मी म्हटलं. “मुलुंडचं काम. वरचा मजला गुणगुणतोय, आणि माझं गणित तर बरोबर दिसतंय.”

“किती स्प्रिंगा?”

“सहा.”

मग म्हणाली, “म्हणजे चार कोपऱ्यात आणि दोन मधे?”

“हो ना.”

“फाईल पाठव मला. बघते. आणि तू टेन्शन घेऊ नकोस यार.”

मी पाठवली. तिने ‘बघितली’ असा निरोप केला, पुढे काही नाही. नवरात्रात त्यांच्याकडे कामाची झुंबड असते हे मला ठाऊक, म्हणून मीही मागे लागले नाही. सर म्हणाले, दसरा होऊन जाऊ दे, मग त्या लोकांना बोलावून समोरासमोर बसू. मीही हो म्हटलं.

खंडेनवमीला एरवी ती पूजेच्या तोंडावर उगवायची, त्या वर्षी सकाळीच आली. मोरपिशी साडी, केसात अबोली, हातात जिलबीचा पुडा. मी फरशी पुसत होते, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाली, “सुजा, तू बस गं. तोंड बघ केवढंसं झालंय. आज मी करते.” आणि खरंच पदर खोचून तिने पडदे पुसले, वायरींची जाळी झटकली, एकेका कॉम्प्युटरवर बसून नवं पॅकेज चढवलं. दरवर्षी जुनं महिनाभर शेजारी राहू द्यायची, हात बसेपर्यंत. त्या वर्षी म्हणाली, “जुनं कशाला ठेवता, जागा खातं. साफसफाईच चाललीय तर तेही काढते.” काढलं. जुन्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह माझ्या खणात असायचा. तोही मागितला, कंपनीत जमा करायचा असतो म्हणाली. मीच खण उघडून दिला. वर म्हटलं, “तू आलीस म्हणून बरं वाटलं गं.”

केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हे. केस दिसतही नाही आणि कापणाऱ्याच्या हाताला जिलबीचा वास असतो.

दसऱ्यानंतर बैठक झाली. नर्सिंग होमचे डॉक्टर, त्यांचा कॉन्ट्रॅक्टर, सर आणि मी. मी अगदी ताठ मानेने फाईल उघडली. जुनी फाईल नव्या पॅकेजमध्ये उघडली की ते सगळं गणित नव्याने सोडवतं आणि जुनं उत्तर पुसून टाकतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात असतं? पडद्यावर उत्तर आलं. स्प्रिंगा मऊ. ड्रॉइंगवर माझ्या सहीच्या वर लिहिलेल्या कडक. डॉक्टरांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा ड्रॉइंगकडे, आणि मग माझ्याकडे. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, “मॅडम, पॅकेज तर बरोबर सांगतंय. तुम्ही उतरवून घेताना गडबड केलीत.”

“नाही,” मी म्हटलं. “मी ह्याच डोळ्यांनी बघितलंय. काल-परवापर्यंत इथे कडकच येत होत्या.”

तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “असू दे. होता कधी कधी. बदलून देऊया स्प्रिंगा.” किती मोठ्या मनाचा माणूस, असं तेव्हा मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. स्प्रिंगा बदलल्या, मजला गप्प झाला, आणि खापर माझ्या डोक्यावर फुटून राहिलं.

त्या संध्याकाळी मनीषा मुद्दाम मरोळ नाक्यावर आली. ज्यूसच्या गाडीपाशी उभ्या राहिलो. समोरच्या सातविणीखाली फुलांचा सडा आणि तो वास. मी रडत होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “अगं, माणूसच चुकतो. कशाला एवढं मनाला लावून घेतेस? कोण लक्षात ठेवतंय?” मी म्हटलं, “मनी, मी बघितलं होतं गं.” ती म्हणाली, “वाटतं आपल्याला तसं.”

वाटतं आपल्याला तसं. हे तीन शब्द घेऊन मी घरी आले आणि ते घरातच राहायला लागले. पुढे माझ्या ड्रॉइंगवर दुसऱ्याची सही लागू लागली. त्याचं एक वेळ सोडा. पण मी आकडे मोठ्याने वाचायला लागले. विजेच्या बिलावरचा आकडा, औषधाच्या बाटलीवरची तारीख, बसचा नंबर. नवऱ्याला म्हणायचे, “तू वाच रे, मी बरोबर वाचतेय ना?” तो आधी चेष्टा करायचा, नंतर त्याने चेष्टा सोडून दिली, त्याने मला जास्त भीती वाटली. दाराला कुलूप लावून जिना उतरले की परत वर. एखादी गोष्ट मी बघितली असं छातीठोक म्हणणं माझ्यातून गेलंच. कुणी म्हणालं, तू म्हणालीस ना, की मी म्हणणार, हो, पण मला वाटलं असेल. ज्या बाईला बापाने पडताळायला शिकवलं, ती पडताळून झाल्यावरही स्वतःला विचारायला लागली, खरंच का.

बाबांनी एकदाच विषय काढला होता. त्यांचं तेव्हा बोलणं कमी झालं होतं. “सुजा, तू पडताळलं होतंस ना?” म्हणाले. मी म्हटलं, “हो बाबा. पण कुठेतरी नजर चुकली.” ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. पुढच्या दसऱ्याला विहारातून येताना त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही, आणि त्याच्या पुढच्या दसऱ्याला ते नव्हते.

दरवर्षी सातवीण फुलत राहिली, दरवर्षी मनीषा जिलबी घेऊन येत राहिली, नव्या सुविधा आणि स्थैर्य चढवून जात राहिली. मी तिला दरवर्षी चहा पाजला.

यंदा उन्हाळ्यात तिने ती कंपनी सोडली. मालक गेले, मुलाशी पटेना. तेव्हा ह्या वर्षी खंडेनवमीला दुसरंच कुणीतरी येऊन गेलं, आणि ती दसऱ्याला संध्याकाळी माझ्या घरी आली. मी विहारातून येऊन नुकतीच टेकले होते, अंगावर पांढरी साडी तशीच. खीर केली होती. खाली मैदानात लाऊडस्पीकर, वर पंखा गरम हवा फिरवतोय. ती सोफ्यावर मांडी घालून खीर खात होती, जुन्या मालकाच्या मुलाला शिव्या घालत होती. आणि बोलता बोलता, चमचा चाटत, म्हणाली, “सगळं निस्तरायचं आम्ही आणि नाव ह्यांचं. तुझं ते मुलुंडचं आठवतं? ते सहाचं? रात्र रात्र बसून दुरुस्त केलं होतं मी.”

मला कळलंच नाही. “काय दुरुस्त केलं होतंस?”

“अगं, ते पॅकेजचंच होतं ना. मधल्या दोन स्प्रिंगा वजन वाटताना धरायचंच नाही ते. सगळा भार चारांवरच टाकायचं. मग कडक सांगणारच. तुझ्या फाईलीमुळे तर सापडलं.” मग तिने माझ्याकडे बघितलं आणि वाटी खाली ठेवली. “तुला माहीत होतं ना? सरांनी सांगितलं असेलच की.”

“सरांना माहीत होतं?”

“त्यांना आमच्या मालकांनी फोन केला होता. खंडेनवमीच्या आधीच. तेच म्हणाले, आता गवगवा नको. मला वाटलं, मागाहून तरी बोलले असतील तुला.”

म्हणजे माझ्याच फोनमुळे यांना चूक सापडली, माझ्याच फाईलीवर यांनी ती दुरुस्त केली, आणि मग माझ्याच खणातून पुरावा काढून नेला, तोही मी हाताने दिला. एवढं एका दमात डोक्यात गेलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, “तू मला म्हणालीस, माणूसच चुकतो.”

“मग काय म्हणणार होते? नोकरी होती यार माझी. ह्यांचं काम सुटलं होतं तेव्हा, मुलाची दहावी होती.”

“नोकरी होती ते कळलं. गप्प बसली असतीस तर तेही कळलं असतं. पण तू नाक्यावर येऊन माझा हात कशाला धरलास, मनी? वाटतं आपल्याला तसं, असं कशाला म्हणालीस?”

ती रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. सवय जात नाही. पण जाताना तिने पर्समधून आपट्याची पानं काढून पुढे केली, सोनं घे म्हणाली, तेव्हा माझा हात पुढे झाला नाही. तिने ती टीव्हीपाशी ठेवली आणि गेली. मी दार लावलं आणि किती तरी वेळ तिथेच उभी राहिले. राग नव्हता आलेला अजून. माझ्या घरात इतकी वर्षं कुणीतरी परकं माणूस वावरत होतं आणि मी त्याला जेवू घालत होते, असं काहीतरी वाटत होतं.

राग आला तो दुसऱ्या दिवशी, ऑफिसच्या जिन्यात. पडद्यांवरचे झेंडू सुकायला लागले होते. सर पेपर वाचत बसले होते, आता थकलेत, कानाला यंत्र आहे. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं. त्यांनी पेपरची नीट घडी केली.

“माका ठावक होता,” म्हणाले.

“का सर?”

“पॅकेज चुकला असा बाहेर गेला असता, तर त्या पॅकेजवर केलेली आपली सगळी कामं लोकांनी पुन्हा तपासून मागितली असती. हापिस बसला असता. तुझं चुकलं म्हटलं, तर एक ड्रॉइंग चुकलं. तुला मी काढली नाय, ओरडलो नाय. सांभाळूनच घेतलंय ना?”

हे सांभाळून घेणं. कंपनी स्थिर राहिली, ऑफिस स्थिर राहिलं, मनीषाची नोकरी स्थिर राहिली. सगळ्यांनी मूग गिळले आणि मी मात्र जिन्यावरून परत वर जाऊन कुलूप ओढून बघत राहिले. मी म्हटलं, “सर, बाबा गेले ते मी चुकले असं समजून गेले.” ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, “आता सांगूया सगळ्यांना. मी स्वतः सांगतो, हिचा चुकला नव्हता. बोल, कोणाक सांगू?”

आणि मी विचार करायला लागले, कोणाला. डॉक्टर ते नर्सिंग होम विकून परदेशी मुलाकडे गेले. कॉन्ट्रॅक्टरचा पत्ता नाही. ऑफिसातली तेव्हाची माणसं सोडून गेली. बाबा नाहीत. उरले सर, उरली मनीषा, आणि त्या दोघांना तर पहिल्यापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

“सर,” मी म्हटलं, “त्या वर्षांतली बाकीची सहावाली कामं?”

“कोणाची तक्रार नाय आली.”

“तक्रार नाही म्हणजे आवाज नाही असं नाही.”

“कशाला उकरून काढतेस गो आता?” म्हणाले, पण अडवलं नाही. अडवायला तोंड कुठे होतं. मी माझ्या टेबलाशी आले, सुकलेली फुलं कचऱ्यात टाकली आणि जुनी कामं काढली. पहिलंच बोरिवलीचं होतं. खाली दुकानं, मधल्या गच्चीवर दुकानांच्या कूलिंगचं मशीन, वर राहती घरं. सोसायटीचा नंबर मिळाला, लावला. एका वयस्कर बाईंनी उचलला, सेक्रेटरींची बायको. मी नाव सांगितलं, ऑफिस सांगितलं आणि विचारलं, त्या मशीनचा घरात काही आवाज येतो का, गुणगुणल्यासारखा.

“तो?” त्या म्हणाल्या. “तो आमच्याकडे फक्त ह्यांना ऐकू येतो. मशीनचा आहे होय? आम्हाला वाटलं ह्यांच्या कानातच आहे. दोन डॉक्टर झाले. शेवटी मीच म्हटलं, वय झालं, आता त्याचं काही बोलू नका कोणाला, लोक हसतात. तेव्हापासून बोलत नाहीत बिचारे.”

मग मी म्हटलं, “काकू, त्यांचे कान चांगले आहेत. आवाज खरा आहे. आमच्याकडचं गणित चुकलं होतं, स्प्रिंगा चुकीच्या बसल्यात. मी उद्या येते बघायला.”

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती, कुकरची शिट्टी झाली. मग फोन हातात तसाच धरून त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, “अहो, ऐकलंत का, जरा इकडे या.”